वाटेवरच्या बायका



ज्येष्ठ संपत आला, की आपल्याकडे एकच विचारणं सुरू होतं, "औंदा कोण कोण निघालंय?" पेरणी उरकायची, घरच्यांच्या भाकरीची सोय लावायची आणि पिशवी भरायची. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून हलते, त्याच्या आदल्या दिवशी तुकोबांची देहूहून. आषाढी एकादशीला सगळे चंद्रभागेच्या वाळवंटात.

या वाटेचा इतिहास आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात नावं येतात ती नारायण महाराजांची, हैबतबाबांची, अंकलीहून घोडे पाठवणाऱ्या शितोळे सरदारांची. सगळी मोठी माणसं, त्यांना आमचा नमस्कार. पण दिंडीत वीणेकऱ्याच्या मागं डोक्यावर तुळस आणि पाण्याची घागर घेऊन ज्या चालतात, त्या या इतिहासात कुठं आहेत? आज आपण हीच वाट पुन्हा एकदा चालू या, त्यांना शोधत.

सुरुवात देहूपासूनच करू. तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला न्यायची रीत त्यांच्या धाकट्या मुलानं, नारायण महाराजांनी, १६८५ साली घातली. आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुकाही ते बरोबर घेत. पुढं एकोणिसाव्या शतकात, १८३२च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा वेगळा केला आणि त्याला आजची शिस्त लावली. हे आपल्याला माहीत असतं. पण हे नारायण महाराज तुकोबा गेले तेव्हा आईच्या पोटात होते. त्यांना वाढवलं ते आवलीनं, म्हणजे जिजाईनं. कीर्तनात आवलीचं नाव निघालं की लोक हसतात. कजाग बायको म्हणून तिची गोष्ट सांगतात. नवऱ्याच्या मागं भाकरी घेऊन डोंगर चढणारी, दुष्काळात घर सांभाळणारी आणि नंतर एकटीनं लेकरं वाढवणारी तीच. तिनं वाढवलेल्या लेकानं ही पालखी काढली. मग पालखीच्या इतिहासाचं पहिलं पान आवलीच्या चुलीपाशी उघडायला नको का?

आता पुढं निघू. पुण्याहून दिवे घाट चढला की सासवड. इथं सोपानदेवांची समाधी आहे. जवळच पुरंदर, जिथं १६५७ साली सईबाईंच्या पोटी संभाजीराजे जन्मले. मग जेजुरीचा भंडारा, वाल्हे, आणि नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांचं स्नान. लोणंद सोडलं की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, आणि पुढं फलटण. फलटण हे सईबाईंचं माहेर. महानुभाव पंथाचंही ते मोठं ठाणं. त्या पंथातली महदंबा तेराव्या शतकात लग्नात गायचे धवळे रचत होती, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. नातेपुते, माळशिरस ओलांडून वेळापूरला पोचलं की अर्धनारीनटेश्वराचं यादवकाळातलं देऊळ लागतं. एकाच मूर्तीत देवही, देवीही. दमलेल्या पायांनी तिथं टेकलं, की आपल्या मनात काय काय येतं ते वेगळं सांगायला नको.

पण सगळ्या बायका याच वाटेनं येत नाहीत. ज्ञानोबांची धाकटी बहीण मुक्ताई परंपरेप्रमाणे १२९७ साली तापीकाठी मेहूणला गुप्त झाली. तेव्हा तिचं वय जेमतेम अठरा. रागावून झोपडीचं दार लावून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत काढणारे ताटीचे अभंग तिचेच, आणि वयानं कितीतरी मोठ्या चांगदेवांची गुरूही तीच. तिची पालखी जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून निघते. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत ती महिन्याहून जास्त दिवस चालते. मानाच्या पालख्यांत सगळ्यांत लांबून येणाऱ्यांपैकी ती एक. विदर्भातल्या कौंडण्यपूरहून, रुक्मिणीच्या माहेराहूनही पालखी येते. दशमीला वाखरीत पालख्यांच्या भेटी होतात, तेव्हा बहीण भावांना भेटते असं लोक मानतात. त्या गर्दीत डोळे न पुसणारी बाई आम्ही तरी पाहिलेली नाही.

आणि ज्या कधीच घराबाहेर पडू शकल्या नाहीत त्यांचं काय? त्या जात्यावर बसून चालल्या. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करता करता अभंग रचत होती. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात. तिच्यामागं गावोगावच्या आयाबायांनी हजारो ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावकरी बायांच्या साथीनं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत पंढरीची वाट, चंद्रभागा, विठ्ठल-रखुमाईचा संसार पुन्हा पुन्हा येतो. अशा कितीतरी बायांना पंढरी आयुष्यात एकदा दिसली असेल, काहींना तीही नाही. पण पहाटेच्या अंधारात वाट त्यांना पाठ होती.

आता एका लिहिणाऱ्या बाईकडे वळू. इरावती कर्वे या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत. 'युगान्त' त्यांचंच. त्या स्वतः दिंडीबरोबर पायी चालल्या आणि 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. तो १९४९ सालच्या 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. वारीचा आनंद त्यांनी भरभरून सांगितला, पण डोळे मिटले नाहीत. दिवसभर एकच अभंग म्हणणारी माणसं मुक्कामावर पोचली की जातीप्रमाणे वेगळी होत. ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. हे इरावतीबाईंना खुपलं. त्या मराठा बायांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बाया मोकळ्या झाल्या. हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्या घरी येऊ, असंही कुणी म्हणालं. तेव्हा एका तरुण पोरीनं विचारलं, की तिथंही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? साधा प्रश्न. पण तो बाईंच्या काळजात रुतला, आणि वाचताना आपल्याही रुततो.

तो प्रश्न त्या पोरीच्याही आधीपासूनचा आहे. चोखोबांची बायको सोयराबाई आणि बहीण निर्मळा, दोघी अभंग रचत. विटाळ कुणाला सुटला, देह आला म्हणजे विटाळ आलाच, असा रोकडा सवाल सोयराबाईनं केला. हा विटाळ जातीचाही आणि बाईच्या अंगाचाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेरच राहिली. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं, तेव्हा दार उघडलं. चोखोबांना जाऊन सहाशे वर्षं उलटली होती.

आज काय आहे? मागच्या वारीत आम्ही मैत्रिणी लोणंद ते फलटण चाललो. पंगतीत जात विचारताना कुणी दिसलं नाही, याचा आनंद झाला. फिरती शौचालयं होती, पण बायांची रांग लांब होती, आणि कितीजणी अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. पहाटे तीनला उठून चूल पेटवणाऱ्या बायाच, आणि रात्री भांडी घासणाऱ्याही त्याच. पाळी आली म्हणून तुळशीला हात न लावता कडेकडेनं चालणारी एक पोर भेटली. तिला आम्ही सोयराबाईचं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण पुढचे दोन कोस आमच्याबरोबर चालली.

पालखीची वाट आता बरीचशी चौपदरी झाली आहे, बाजूनं पायी चालणाऱ्यांसाठी जागा ठेवली आहे. रस्ता रुंद झाला, चांगलंच झालं. मनंही तेवढीच रुंद व्हायला हवीत.

तेव्हा मैत्रिणींनो, या वर्षी वारीला जाणार असाल तर एवढं करा. शेजारी चालणारीचं नाव विचारा, गाव विचारा, तिची एखादी ओवी ऐका आणि लिहून आणा. आपण ती याच वेळेला सगळ्यांना ऐकवू. आणि घरी परतल्यावर ती कधी आपल्या दारात आली, तर तिला ओट्यावर नको, आत स्वयंपाकघरात बसवा. त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर वाटेवर देता येत नाही, ते घरीच द्यावं लागतं.

रामकृष्णहरी.