गिधाडांचा आराखडा आणि ढोर ओढणारे हात

आपल्याकडच्या वन्यजीव संवर्धनाचा इतिहास शिकाऱ्याच्या नजरेतून सुरू होतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मूळ रूपात वाचा. अनुसूचींमध्ये 'स्पेशल गेम', 'बिग गेम', 'स्मॉल गेम' अशी प्रतवारी होती आणि त्याखाली 'व्हर्मिन', म्हणजे उपद्रवी : कावळा, उंदीर, वटवाघूळ. संस्थानिक गेले, साहेब गेला, पण त्यांच्या बंदुकीची उतरंड स्वतंत्र भारताच्या कायद्यात राहिली. उतरंड कुठल्याही वेशात आली तरी आम्हाला ओळखू येते. ज्याची शिकार मानाची, त्याचं रक्षणही मानाचं. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, पहिल्याच यादीत मेळघाट होतं. वाघ वाचला पाहिजेच. पण ज्याचं मुंडकं कुणी दिवाणखान्यात टांगलं नाही, त्या गिधाडाच्या कृती आराखड्याला २००६ साल उजाडलं.

तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं : जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं ढोर मेलं की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. गिधाडाचं ताट कोण वाढत होतं, हे कुणी सांगत नाही.

गावात बैल मेला की महाराने तो ओढून गावाबाहेर न्यायचा. कातडं सोलायचं. सोललेल्या ढोरावर गिधाडं उतरायची आणि पाहता पाहता सांगाडा उरायचा. महारांच्या इनाम जमिनीला हाडकी-हाडवळा म्हणत, नावातच हाडं आहेत. हे काम मजुरी नव्हती, वतनाची सक्ती होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ उजाडलं.

काही निसर्गप्रेमी आता हळहळतात : जुन्या गावगाड्यात कसं सगळं संतुलित होतं! ते संतुलन आमच्या आज्याच्या खांद्यावर तोललेलं होतं. आणि हिशेबच करायचा तर नीट करा. आमच्या माणसांनी ढोरं ओढणं नाकारायला सुरुवात केली १९२७ च्या सुमारास, गिधाडं कोसळली १९९० नंतर. त्यांना औषधाने मारलं, आमच्या स्वाभिमानाने नाही.

जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर झोडपलं. मग सुरेंद्रनगरात दलितांनी मेलेली जनावरं जिल्हाधिकारी कचेरीपुढे आणून टाकली. हे काम कोण करत होतं, ते तेव्हा प्रशासनाला दिसलं. गायीला माता म्हणणारे तिच्या शेवटच्या कामाला मात्र पुढे आले नाहीत.

२०२० मध्ये केंद्राने २०२५ पर्यंतचा गिधाड आराखडा जाहीर केला. प्रत्येक राज्यात किमान एक गिधाड-सुरक्षित क्षेत्र असावं, असं त्यात आहे. रायगडात फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी 'उपाहारगृह' आहे, म्हणजे मेलेली जनावरं नेऊन टाकण्याची जागा. महाडही याच जिल्ह्यात, हे विसरू नये. कल्पना चांगली आहे, गिधाडं जगलीच पाहिजेत. पण ढोर गोठ्यापासून तिथवर नेणार कोण? कंत्राटदार कुठल्या वस्तीत माणसं शोधायला जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणून महाराष्ट्राचा राज्य आराखडा होईल तेव्हा त्यात पक्ष्यांच्या मोजणीइतकीच ठळक एक बाब हवी : मृत जनावरांची वाहतूक. उचलायला यंत्र, गाडी, हातमोजे, काळपुळीसारख्या रोगापासून संरक्षण, औषधाचा अंश तपासायची सोय, सरकारी वेतनश्रेणी. आणि या पदांवर कुठल्या जातीची किती माणसं आहेत, त्याची दरवर्षी प्रसिद्ध होणारी आकडेवारी.