चिप्सची पेटी : कवचवाद्यांना उत्तर

पोकरच्या चिप्स घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच सल्ला मिळतो : पेटी भक्कम घ्या. दुकानदार पेटीवर बोटांनी टकटक करून दाखवतो, एखादा हौशी तिच्यावर चक्क उभा राहतो. भक्कम म्हणजे बाहेरून टणक, आणि पेटी जितकी टणक तितका आतला माल सुरक्षित, असे सगळेच धरून चालतात. मीही बरीच वर्षे हेच मानत आलो आणि इतरांना सांगत आलो. हे मत चुकीचे आहे, अशी आता माझी खात्री पटली आहे.

दुबळा पूर्वपक्ष पाडण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीने मांडतो. चांगल्या क्ले चिप्स महाग असतात, त्यांची कड नाजूक असते, फरशीवर पडल्या की टवका उडतो. प्रवासात सामान आपटते, दाबले जाते, भिजते. मग कॅमेरे, मोजमापाची यंत्रे, वैद्यकीय उपकरणे नेणारे जे करतात तेच आपण का करू नये? डेव्ह पार्कर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स येथे पेलिकन कंपनी सुरू केली. जाड प्लास्टिकचे कवच, झाकणाच्या कडेने रबरी कडे, हवेचा दाब सांभाळणारी छोटी झडप अशा तिच्या पेट्या आज जगभर वापरात आहेत. ज्या पेटीत लाखांची लेन्स सुखरूप राहते, तिच्यात चिपला काय धोका?

तर्क सरळ दिसतो, पण दृष्टांत विषम आहे. कॅमेरा ही एकच वस्तू असते आणि ती तिच्याच आकारात कापलेल्या फोममध्ये घट्ट बसते. चिप्स पाचशे असतात आणि एकमेकींना खेटून प्रवास करतात. कॅमेऱ्याला भीती बाहेरच्या धक्क्याची, चिपला भीती शेजारच्या चिपची. कवच कितीही जाड केले तरी या शेजाराचा बंदोबस्त होत नाही.

यासाठी चिप म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे. नेवाडाच्या कॅसिनो-नियमांत चिपचा व्यास १.५५ इंच, म्हणजे ३९ मिलिमीटरच्या किंचित वर, आणि जाडी ०.१३ इंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर दिलेली आहे. वीस चिप्सची चळत ६६ मिलिमीटरची होते. 'क्ले' म्हटले तरी ती कुंभाराची माती नव्हे. मातीसारखी खनिजे आणि ती बांधून धरणारे पदार्थ उष्णता व दाबाखाली साच्यात घालून ती चिप घडवतात. वजन साडेआठ ते दहा ग्रॅम. 'सिरॅमिक' चिपमध्येही सिरॅमिक नसते, ती छापील प्लास्टिकची चकती असते. आपल्याकडे पत्त्यांच्या जोडांसोबत सर्रास मिळणाऱ्या साडेअकरा किंवा चौदा ग्रॅमच्या चिपमध्ये धातूची चकती असते आणि तिच्यावर प्लास्टिक चढवलेले असते. ही शेवटची चिप टेबलावरून दहा वेळा पडली तरी तिला काही होत नाही. म्हणजे ज्या चिप्ससाठी लोक सर्वांत टणक पेटी शोधतात, त्यांतल्या बहुतेकींना तिची गरजच नसते. गरज असते ती क्ले चिप्सना, आणि त्यांचे दुखणे वेगळे आहे.

पन्नास चिप्सच्या खोबणीत एकोणपन्नास असल्या की ३.३ मिलिमीटरची फट उरते. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला सगळी ओळ त्या फटीएवढी पुढे सरकते आणि मागे येते. नव्या क्ले चिपच्या काठावर बारीक जाळीसारखी नक्षी असते. तिच्यावरून बोट फिरवले की खरखर लागते, आणि चळत हातात धरली की चिप्स एकमेकींना धरून राहतात. हीच नक्षी आधी झिजते. मग कडा गोल होतात, चिप गुळगुळीत लागते. एवढ्या काळात पेटीवर ओरखडासुद्धा आलेला नसतो.

मोठ्या धक्क्याचेही तसेच. टणक कवच धक्का पचवत नाही, आत पाठवते. हेल्मेटचे उदाहरण घ्या. बाहेरचा कडक भाग डोक्यात काही घुसू देत नाही, धक्का पसरवतो. पण डोके वाचते ते आतल्या थर्माकोलमुळे, कारण तो चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडी जागा मिळते. थर्माकोल काढून नुसती वाटी घालून फिरणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. झाकणाला अर्धा सेंटिमीटर स्पंज लावलेली टणक पेटी या वाटीहून फार वेगळी नसते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये दादर स्टेशनच्या पुलावरून पाचशे चिप्स भरलेली चंदेरी पेटी घेऊन उतरत होतो. चौदा ग्रॅमवाल्या चारशे, क्लेच्या शंभर, म्हणजे नुसत्या चिप्सच साडेसहा किलोंच्या आसपास. चौथ्या-पाचव्या पायरीवर मूठ हातात आली आणि पेटी खाली गेली. मुठीला दोन आखूड स्क्रू लटकत होते आणि त्यांच्या आट्यांमध्ये ओलसर भुसा अडकला होता. ज्या पेटीला मी ॲल्युमिनियमची समजत होतो, ती एमडीएफच्या पातळ फळ्यांची होती. वर चकचकीत पत्र्यासारखा कागद, धातू फक्त कडांना. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो, मग स्क्रूची पकड जाते. तरी सांगतो, पेटी उघडली नाही, एका कोपऱ्याला पोचा आला इतकेच. घरी येऊन चिप्स मोजल्या. प्लास्टिकच्या सगळ्या धड होत्या. क्लेच्या अकरा चिप्सचे टवके उडाले होते, आणि त्या अकराही अर्धवट भरलेल्या दोन ओळींतल्या होत्या. गच्च भरलेल्या ओळींतली एकही चिप गेली नाही. जिना तोच, धक्का तोच, पेटीही तीच. फरक फक्त रिकाम्या जागेचा. या एका हिशेबाने माझे मत बदलले.

यावर कवचवादी म्हणतील, तुमची पेटीच हलकी होती, खरी भक्कम घ्यायची. ठीक. हजार चिप्स चौदा ग्रॅमच्या धरल्या तर चौदा किलो. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारण पंधरा किलो सामान चालते, आणि जाड कवचाची मोठी पेटी रिकामीच काही किलो भरते. शिवाय पेटी जितकी जड, तितकी ती तेवढ्याच उंचीवरून जास्त जोराने आदळते. जाड कवच हा उपाय धरला तर तो धोकाही वाढवतो, हे कुणी जमेस धरत नाही.

पाणीबंद पेटीचे कौतुकही तपासून घ्यावे. पावसातून नेताना रबरी कडे उपयोगी पडते, यात वाद नाही. पण तीच पेटी चार महिने कपाटात बंद राहिली तर? कुणी म्हणेल, पंधरा लिटर हवेत वाफ ती किती मावणार. खरे आहे, जुलैच्या मुंबईतही ती अर्ध्या ग्रॅमहून कमी भरते. ओल हवेत नसते, ती स्पंजात, मखमली अस्तरात, पत्त्यांच्या जोडांत आणि खेळून झाल्यावर चिप्सवर राहिलेल्या घामात असते. घट्ट झाकणाखाली तिला बाहेर पडायला वाट नसते. साधा पॉलियुरेथेनचा स्पंज दमट हवेत हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो, मग त्याचा चुरा पडतो. चिपच्या मधल्या छापील वर्तुळावर बसलेला असा काळा चिकटा मी जुन्या दातघासणीने तासभर काढत बसलो आहे. तो पुरता निघत नाही.

हापूसची पेटी आठवा. पातळ फळ्या, मध्ये फटी, हाताने सहज वाकेल असा सांगाडा. तिच्यातून आंबा देवगड-रत्नागिरीहून घाट चढून वाशीच्या बाजारात पोचत आला आहे. आंबा राखतो तो आतला पेंढा. फळ हलू देत नाही, आणि हवाही खेळती ठेवतो. कोकणातल्या माणसाला पेटीची निवड शिकवायला कॅलिफोर्नियाला जावे लागू नये.

खेळाच्या साहित्याचीही जुनी रीत हीच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने असतात. लाखेने चकाकणारी ही पाने बेताच्या आकाराच्या रंगीत लाकडी पेटीत राहतात. चीनमधून युरोपात जाणारे शिंपल्याचे कोरीव मोहरे घ्या. त्यांच्या लाखकामाच्या पेटीत आणखी छोट्या पेट्या असत आणि मोहरे त्यांत वाटून ठेवलेले असत. या कारागिरांनी मोठे रिकामे पोट असलेली पेटी केली नाही. कॅसिनोही चिप्स हलवतात ते शंभराच्या रॅकमध्ये, वीस-वीसच्या पाच ओळींत.

तेव्हा निवडीचा क्रम उलटा करायला हवा. आधी आतला भाग. वीस चिप्सची ओळ बोटाने किंचित दाबून बसावी लागेल अशी खोबण हवी. ओळ पुरी होत नसेल तर नमद्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून ती गच्च करावी, हे काम दहा मिनिटांचे आहे. झाकणाचा फोम बंद पेशींचा, पाणी न पिणारा हवा. अंगठ्याने दाबला तर थोडा चेपून परत वर यावा, तळाला टेकू नये. मग मूठ. ती आरपार बोल्टने किंवा रिव्हेटने बसवलेली आहे का, हे आत हात घालून पाहावे. मग वजन : एका पेटीत तीनशे, फार तर पाचशे चिप्स. कवचाची चौकशी या सगळ्यानंतर.

कवचवाद्यांचा एक मुद्दा मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. पेटी विमानाच्या पोटात जाणार असेल, किंवा आत पुन्हा न मिळणाऱ्या जुन्या कॅसिनोच्या चिप्स असतील, तर जाड प्लास्टिकची पाणीबंद पेटी घ्यावीच. पण चिप्स तिच्यात सुट्या ओतू नयेत. रॅकसकट ठेवाव्यात, भोवती फोम भरावा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि मुक्कामाला पोचल्यावर पेटी रात्रभर उघडी ठेवावी.

दुकानात गेलात तर पेटीवर टकटक करू नका. तुमच्या चिप्स सोबत न्या, आत भरा, झाकण लावा आणि पेटी कानाशी धरून हलवा. आवाज आला तर ती पेटी घेऊ नका. माझ्याकडे आता तीनशे क्ले चिप्सच्या दोन पेट्या आहेत, एकेका हातात एकेक मावते, प्रत्येकीचे वजन पाच किलोंच्या आत. दोन पावसाळे आणि कोल्हापूरच्या चार फेऱ्या झाल्या. परवा सहाशेच्या सहाशे चिप्स भिंगाखाली पाहिल्या, एकीलाही नवा टवका नाही.