उसाच्या पानामागे

कोल्हापूरच्या उसाचा इतिहास आपण कारखाने, पाटपाणी आणि दराची आंदोलने यांतून सांगतो. किडीला त्यात जागा नसते. पण २००२ ते २००४ ही वर्षे समजून घ्यायची तर उसाचे पान उलटे करून पाहावे लागते.

पानाच्या मागे, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, कापूस पसरल्यासारखा पांढरा थर. खालच्या पानांवर त्याचा चिकट पाझर आणि त्यावर चढलेली काळी बुरशी. हा लोकरी मावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर झेंटनर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. भारताच्या पूर्व भागात तो जुनाच होता. जुलै २००२ मध्ये तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि नदी ओलांडून शिरोळला यायला त्याला वेळ लागला नाही. वारा होताच, शिवाय वैरणीचे वाढे गाडीतून गावोगाव फिरत होते. त्यांवर बसून मावाही फिरला.

पहिला उपाय अर्थातच औषधाचा. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पानांच्या कडा हात-तोंड कापतात, औषध वरून पडते आणि कीड खाली बसलेली असते. आमच्या वडिलांनी दोनदा फवारले. दुसऱ्या खेपेनंतर पानामागच्या बारीक जाळ्यांत मेलेल्या हिरवट अळ्या मी पाहिल्या आणि पीडा गेली म्हणून बरे वाटले. पंधरवड्यात मावा पूर्वीपेक्षा दाट झाला. त्या अळ्या डिफाच्या होत्या, म्हणजे मावा खाऊन जगणाऱ्या पतंगाच्या, हे मला फार उशिरा कळले. आमचा राखणदार आम्हीच मारला होता.

नवे तंत्रज्ञान म्हणून जे पुढे आले ते या राखणदाराला जपण्याचे आणि वाढवण्याचे. शेडनेटखाली ऊस लावायचा, त्यावर मुद्दाम मावा पोसायचा, त्यावर डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक सोडायचे. त्यांची संख्या वाढली की अळ्या-कोष असलेले पानांचे तुकडे कापून लागण झालेल्या उसाच्या पानांना टाचायचे. हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा कोष, अशी शिफारस होती. ईशान्येकडून आणलेली एन्कार्सिया ही चिमुकली गांधीलमाशी माव्याच्या पोटातच अंडी घालते. तीही रानात सोडली गेली. अट एकच, फवारणी थांबवायची. शेजारी औषध मारत असताना आपण हात बांधून बसायचे, हे कोणत्याही यंत्रापेक्षा अवघड तंत्र होते असे मला वाटते.

राज्याचे साखर उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे ६२ लाख टन होते, ते पुढच्या हंगामात जवळपास निम्म्यावर आले. त्यातले दुष्काळाने किती नेले आणि माव्याने किती, याचा हिशेब गावातल्या पारावर प्रत्येकाने आपापल्या सोयीने मांडला. माझ्या मते मोठा वाटा दुष्काळाचाच. माव्याचे श्रेय-अपश्रेय मात्र लोकांच्या जास्त लक्षात राहिले, कारण तो डोळ्यांना दिसत होता.

मावा आजही पावसाळ्यात एखाद्या सरीत दिसतो, आणि बहुतेकदा त्याच्या मागोमाग डिफाही येतो. आमच्या बाजूच्या एका शेडनेटचा सांगाडा अजून उभा आहे. त्यात आता एका डोळ्याची उसाची रोपे तयार करतात.