लहान मुलांची सायकल आणि हेल्मेट : पालकांनी काय शिकवावे?

दुसरी-तिसरीतल्या मुलाला सायकलचा तोल सांभाळता आला, म्हणजे त्याला रस्ता कळू लागला असे नाही. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा नीट अंदाज येत नाही. तोपर्यंत रहदारीत सोबत मोठे माणूस हवेच, मग मूल सायकल कितीही सफाईने चालवत असो.

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. त्यामुळे ही जबाबदारी तुमच्यावर येते. कवचाखालचा थर्माकोलसारखा थर आदळताना दबतो आणि बराचसा धक्का स्वतः झेलतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून चांगले दिसले तरी, बदलावे. गणवेश वाढत्या मापाचा घेतात तसे हेल्मेट घेऊ नका. सैल हेल्मेट पडताना मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यावी, दोन्ही पट्टे कानाखाली जुळावेत, हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावे. आत टोपी नको.

सराव मोकळ्या मैदानावर करा. आखलेल्या रेषेवर ब्रेक लावून थांबणे, एक हात सोडून इशारा देणे, मागे वळून पाहतानाही सरळ जाणे, एवढे जमले की शाळेचा रस्ता आधी मुलाबरोबर पायी चाला.

कोल्हापूर परिसरात गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावतात. चालकाला मागच्या ट्रॉलीशेजारची सायकल दिसत नाही. शिवाय वळताना मागची ट्रॉली वळणाच्या आतल्या बाजूला सरकते. मुलाला बारा सूचना देऊ नका, एकच द्या : ट्रॅक्टर आला की उतरायचे, रस्ता सोडून उभे राहायचे, शेवटची ट्रॉली जाऊ द्यायची. ओव्हरटेक कधीच नाही.

हँडल पोटात घुसले तर

ही दुखापत हमखास दुर्लक्षित राहते. पोटावर लहानसा गोल वण दिसतो, मूल खेळायलाही लागते. पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनी जाणवते. असा वण दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हँडलच्या टोकांची रबरी मूठ फाटली असेल तर ती आधी बदला.

डोक्याला मार लागल्यावर

मूल क्षणभरही बेशुद्ध झाले, एकाहून अधिक उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली, असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा नाका-कानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव आला, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा लगेच सीपीआर अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. मान दुखत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला हलवू नका आणि हेल्मेटही ओढून काढू नका.