ओलीवरची कडधान्यं आणि विषाणू : प्रस्तावना

डोळखांब परिसरातल्या खाचरांत भात कापून झालं की मागे राहिलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मूग पेरतात. बांधावरची तूर पावसाळ्यातच लावलेली असते. आजोबा डोंगराच्या पायथ्यापासून मुरबाडपर्यंत बहुतेक गावांत हीच रीत. या पिकांना खत बेताचं, फवारणी क्वचितच. त्यांच्यावर येणाऱ्या विषाणूवर औषध नाही. औषध मारायचं ते त्याला वाहून नेणाऱ्या किडीवर, आणि तेही इथे परवडत नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या हाती उरतं ते बियाणं. ते कसं पारखायचं, हा या पुस्तकाचा विषय.

विषय आपल्याकडे नवा नाही. पुण्यात काम करणाऱ्या कपूर आणि वर्मा यांनी वालावरच्या पिवळ्या मोझॅक या विषाणूरोगाची नोंद 1950 मध्येच केली. मुगावरचा पिवळा मोझॅक, म्हणजे केवडा, 1960 मध्ये नरियानी यांनी दिल्लीहून नोंदवला. दोन्ही रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतात, दिसायलाही सारखेच. विषाणू मात्र वेगळे. मुगात टिकलेल्या वाणावरून वालाबद्दल काही ठरवू नये.

खरी रंजक कहाणी तुरीच्या वांझ रोगाची. रोगट झाड फिकट, बारीक पानांचं, झुडपासारखं दाट होतं. भोवतालची तूर पिकून वाळली तरी ते हिरवंच, आणि फुलं नाहीत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हेच झाड सर्वांत जोमदार. हा रोग 1931 मध्ये बिहारमधल्या पुसा इथे नोंदला गेला, पण विषाणू हाती लागायला 2000 साल उजाडावं लागलं. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राने बीएसएमआर 736 हा प्रतिकारक वाण त्याआधीच दिला होता. शत्रू दिसत नसताना त्याच्याविरुद्ध वाण तयार झाला, कारण पारखायची पद्धत भक्कम होती.

ती पद्धत कार्यालयातल्या स्टेपलरची! रोग पसरवणारी कोळी कीड डोळ्यांना दिसत नाही, पानाखाली दडून बसते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत नेने आणि रेड्डी यांनी 1976 मध्ये सुचवलं, की रोगट पान कोवळ्या रोपाच्या पानाला दुमडून लावायचं आणि टाचून टाकायचं. ते सुकू लागलं की कोळ्या आपसूक निरोगी पानावर उतरतात. पांढऱ्या माशीला असं टाचता येत नाही. तिथे तपासायच्या वाणांमध्ये ठरावीक अंतराने हमखास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ पेरतात आणि फवारणी बंद ठेवतात. ती ओळच पिवळी पडली नाही, तर त्या हंगामातले आकडे बाजूला ठेवावेत. रोग आलाच नाही आणि वाण मात्र प्रतिकारक ठरला, असे निकाल कागदावर फार छान दिसतात.

प्रतिकारक आणि सहनशील यांत मात्र गल्लत नको. प्रतिकारक झाडात विषाणू वाढत नाही, निदान फारसा नाही. सहनशील झाडात तो वाढतो, पानंही पिवळी पडतात, पण दाणा भरतो. म्हणून पिवळी पानं मोजून सहनशीलता कळत नाही. तोच वाण संरक्षण देऊन आणि न देता, असा शेजारी शेजारी लावून दोन्हीकडचं धान्य तोलावं लागतं. माझ्या मते या कामात सर्वाधिक आळस इथेच होतो. शिवाय सहनशील वाणाचं शेत शेजाऱ्याच्या कमजोर पिकाला रोग पुरवत राहतं. ते कोणत्या वावरात लावायचं, हाही पारखण्याचाच भाग.

जागाही बदलून पाहावी. इक्रिसॅटच्या पाटणचेरूला टिकलेली तूर बंगळूरला वांझ पडल्याचे दाखले आहेत, कारण तिथला विषाणू अधिक उग्र आहे. रोगही एकच धरू नये: तुरीचा मारुती हा वाण मर रोगात तग धरतो आणि वांझला बळी पडतो. डोळखांबसाठी वाल निवडायचा, तर प्रयोग भातकापणीनंतरच्या ओलीवर आणि शेतकऱ्याच्याच खाचरात हवा. नोंदवहीत धान्याच्या वजनाशेजारी आणखी एक रकाना आखावा: मोड आणून सोललेल्या डाळिंब्या शिजतात कशा. त्यांचं बिरडं बिघडवणारा वाण कितीही निरोगी असला, तरी घरातली बाई पुढच्या वर्षी त्याचं बी ठेवणार नाही.