घोडनदीचा गोरा सत्पुरुष

खळ्यावर रास पडली की पहिला वाटा देवाचा, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. म्हसोबा, वेताळ, बांधावरचा शेंदूर फासलेला दगड, सगळ्यांचा मान ठरलेला. शिरूरकरांनी हाच मान एका ख्रिस्ती थडग्यालाही दिला होता.

१८०२ च्या वसईच्या तहानं पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांची तैनाती फौज आली. तिची छावणी घोडनदीकाठी शिरूरला पडली. कर्नल विल्यम वॉलेस हा तिचा प्रमुख. १८०३ ला असईच्या लढाईत तो मराठ्यांच्या विरुद्ध लढला होता. १८०९ साली शिरूरलाच वारला, तिथंच त्याला पुरलं.

१८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात नोंद आहे, की शिरूर आणि आसपासच्या गावांतली माणसं त्याला 'सत्पुरुष' म्हणतात, थडग्याला पुजतात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणतात. माणूस जाऊन तेव्हा ७६ वर्षं झाली होती!

धर्म परका, फौज परकी. तरी आपल्या मातीत निजला म्हणून शेतकऱ्यानं त्याला राशीत वाटेकरी केलं.

शिरूर-दौंड भागात बांध सपाट करताना जेसीबीच्या तोंडी जुना दगड, वीरगळ किंवा क्रूस आला, तर ढकलून देऊ नका. फोटो काढा, गट नंबर लिहा. अन् गावातल्या थोरल्या माणसांना विचारा, सुगीला इथं काय वाहायचे? दगडावर नाव सापडेल, पण वाटा कुणाचा होता ते त्यांनाच ठाऊक असतं.