ताकद आणि तालीम

माझा भाचा कराडजवळच्या एका गावात तालमीला जातो. वय १६, वजन ५५ किलोच्या आतबाहेर. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, पावडरचा डबा घ्यायचाय. अब्बा पैसे देत न्हाईत." डब्याची किंमत ऐकून मीही गप्प झालो. त्याचे अब्बा दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, आणि तेवढ्या पैशात त्यांच्या घरात महिन्याचं धान्य येतं. पोराचं म्हणणं एकच होतं. बरोबरीची पोरं अंगानं भरलीत, आपण ताकदीत कमी पडतो आणि म्हणून हरतो. मी म्हणालो, विचार करून सांगतो. पुढचं सगळं त्या विचारातून आलेलं आहे.

कुस्ती ताकदीची की डावाची, हा वाद सातारा-सांगलीकडच्या पारावर माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आलाय. जत्रेच्या मैदानात हलगी कडाडायला लागली की तो हमखास निघतो. एक जण म्हणतो, "अंगात रग पायजे, मग डाव आपसूक लागतो." दुसरा म्हणतो, "रग तर रेड्यातबी असतीया." दोघंही आयुष्यभर कुस्त्या पाहिलेले असतात आणि दोघांकडेही दाखले असतात.

मला वाटतं, या वादाचं निम्मं उत्तर आपल्या रोजच्या शब्दांतच आहे. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. उर्दूत आजही शाळा-कॉलेजच्या शिक्षणाला तालीम म्हणतात. मराठीनं मात्र हा शब्द लाल मातीच्या जागेला दिला. तिथं शिकवणारा 'वस्ताद' म्हणजे उस्ताद, गुरू. 'कसरत' म्हणजे अरबीत विपुलता, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. आणि ताकदीला फारसीत 'जोर' म्हणतात. आपल्या तालमीत जोर हा अनेकांपैकी फक्त एक व्यायाम आहे. ज्यांनी ही नावं रुळवली त्यांच्या मनात त्या जागेचं काम काय होतं, हे यावरून कळतं. ती जागा शिकण्याची होती.

आता दाखला बघू, आणि तोही भाच्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचा. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले. वडील स्वतः पैलवान. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. अंगानं लहानखुरे. जत्रेच्या मैदानात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती ज्या आडव्या अंगाच्या मल्लांना मिळते, त्या मापाचा हा माणूस नव्हता. त्यांच्या हातात काय होतं, तर डाव, आणि त्यातही ढाक.

ढाक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, दुसऱ्या हातानं त्याचा हात धरायचा, झटकन वळून आपली कंबर त्याच्या खाली घालायची आणि त्याला अंगावरून फेकायचं. समोरचा जेवढ्या जोरानं अंगावर येतो, तेवढ्याच जोरानं तो पलीकडे जातो. म्हणजे त्याचंच वजन आपल्या कामी येतं. पण वळायची वेळ अर्धा क्षण चुकली, तर तेच वजन आपल्या पाठीवर बसतं. ही वेळ साधणं खुराकातून येत नाही. ते हजार वेळा करून अंगात मुरतं.

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला गडी, तिथं लढायचं मॅटवर. माती घामावर चिकटते, पकड देते. मॅटवर अंग निसटतं. मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते, मॅटवर घड्याळ आणि गुण. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकानं त्यांना या नव्या रिवाजासाठी तयार केलं. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, खाशाबा सहावे आले.

पुढच्या चार वर्षांत त्यांनी मॅटची कुस्ती समजून घेतली. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. हेलसिंकीत बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकिनला, मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि जर्मनीच्या श्मिट्झला हरवलं. जपानच्या शोहाची इशीनं त्यांना हरवलं आणि पुढे सुवर्णही त्यानंच घेतलं. त्या लांबलेल्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं केलं गेलं, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं कोणी अधिकारी नव्हता, असं आपल्याकडे सांगतात. ती कुस्ती ते हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं. कराडपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

इथवर वाचून भाचा म्हणेल, बघा, डावच मोठा. तर थोडं थांबायला हवं.

हेलसिंकीत कुस्तीचे आठ वजनगट होते. वजनगट कशासाठी असतात? डाव सारखा असेल तर जास्त ताकदीचा माणूस जिंकतो, हे जगानं मान्य केलं म्हणूनच ना! ५७ किलोचे खाशाबा ८७ किलोच्या वरच्या गड्यासमोर उभे केले असते, तर आज आपण त्यांचं नाव घेतलं नसतं. वजनगटानं ताकद तराजूत सारखी केली आणि मग डावाला बोलू दिलं. आपल्या जत्रेच्या मैदानात तराजू नसतो. तिथं गावचे जाणते वस्ताद नजरेनं जोड लावतात. नजर चांगली असेल तर कुस्ती चटकदार होते, नाहीतर हलक्या पोराची फरफट होते.

ताकद डावाला किती अडवू शकते, हे गामा पैलवानाच्या गोष्टीत दिसतं. १९१० साली लंडनमध्ये गामाची गाठ पोलंडच्या झ्बिश्कोशी पडली. गामा उंचीनं बेताचा, झ्बिश्को वजनानं बराच भारी. तो पोटावर पालथा पडला आणि अडीच तासांहून जास्त वेळ गामाला तो चीत करता आला नाही. कुस्ती निकाली झाली नाही. ठरलेल्या दिवशी झ्बिश्को पुन्हा आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघं मातीवर भेटले, तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत आसमान दाखवलं. पण लंडनचे ते अडीच तास विसरून चालत नाही. नुसतं भारी अंग जमिनीला चिकटून राहिलं, तर जगातला उत्तम डावबाजही हतबल होतो.

आणि सांगली जिल्हा तर भारी गड्यांचाच. खाशाबा जन्मले तेव्हा या भागाचा बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पुढच्याच वर्षी पहिला महाराष्ट्र केसरी झाला तो सांगलीचा दिनकर दह्यारी. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने हेही हिंदकेसरी. दोघंही पहाडासारखे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत माने यांनी ९७ किलोच्या फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेतलं, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांनी त्याच्या वरच्या गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य.

यातलं ग्रीको-रोमन महत्त्वाचं आहे. त्या प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायानं डाव करता येत नाही. म्हणजे एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, आतली टांग, बाहेरची टांग सगळं गेलं. मातीतल्या पैलवानाची निम्मी विद्या दारातच काढून ठेवायची आणि उरलेल्यावर लढायचं. तरी ही पदकं आली. ताकद तर होतीच, पण समोरचेही त्याच वजनाचे होते. उरलेल्या निम्म्या विद्येवर पक्की हुकमत नसती, तर जमलं नसतं.

ही विद्या कुठून आली, याचाही हिशेब मांडायला हवा. आपल्या लोकांना तो कोणी सांगत नाही, आणि आपणही मांडत नाही. शाहू महाराजांनी युरोपात जुनी रंगमैदानं पाहिली आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. उत्तरेच्या, पंजाबच्या मल्लांना त्यांनी आश्रय दिला. त्यात मुसलमान पैलवान कितीतरी होते. सातारा-सांगलीची पोरं कोल्हापूरच्या तालमींत जाऊन जे शिकत, त्यात ही सगळी देवाणघेवाण मिसळलेली असे. मुलतानी, इराणी ही डावांची नावंच बघा. फाळणीनंतरही सादिक पंजाबी, गोगा पंजाबी सीमेपलीकडून इथं लढायला येत, आणि आंदळकरांशी त्यांच्या झालेल्या कुस्त्या जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. तिकडे बडोद्याच्या मराठी संस्थानात माणिकरावांनी आपल्या व्यायाम मंदिराला आपल्या मुसलमान गुरूचं, जुम्मादादांचं नाव दिलं. मराठीतल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे संपादक द. चिं. मजुमदार बडोद्याच्याच मातीतले.

माणसाची ताकद त्याच्याबरोबर कबरीत किंवा चितेवर जाते. डाव मात्र शागिर्दाकडे जातो. तो मुलतानहून कोल्हापूरला येतो, कोल्हापूरहून पुनवतला जातो, आणि वाटेत त्याला कोणी जात-धर्म विचारत नाही. निदान विचारत नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या एका कुस्तीत बाहेरच्या टांगेला किती गुण द्यायचे यावरून वाद झाला. तो वाद कुस्तीचाच होता, दोन्ही बाजूंना जाणकार होते. पण मोबाइलवर तो बघता बघता टांगेवरून पैलवानाच्या धर्मावर गेला. ज्यांनी आयुष्यात कधी लंगोट कसला नाही, ते त्यात सगळ्यात पुढे होते. तालमीत वाढलेली माणसं मात्र टांगेबद्दलच बोलत राहिली.

आपल्या दीनमध्येही खऱ्या बलवानाची ओळख सांगितलेली आहे. दुसऱ्याला पाडणारा तो नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा तो. मला ही हदीस तालमीच्या फार जवळची वाटते. चिडलेला पैलवान जोर लावतो आणि ढाकेत सापडतो. शांत पैलवान वाट बघतो.

तर भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. ताकद लागतेच. तिच्याशिवाय डाव अर्ध्यात तुटतो, हे त्याला खोटं सांगणार नाही. पण ताकदीला खुराक लागतो आणि खुराकाला पैसा. दूध, तूप, बदाम, मटण रोज पुरवणं टेम्पो चालवणाऱ्याच्या घराला कधीच सोपं नव्हतं, शेतमजुराच्याही नाही. पैशाच्या शर्यतीत आपली पोरं पहिल्याच फेरीत मागं पडतात. तालमीत वस्ताद जे शिकवतो त्याला डब्याची किंमत लागत नाही. गरिबाच्या पोराला बरोबरीत आणणारी तीच एक गोष्ट आहे, आणि नेमकं तिथंच आज पोरं घाई करतात. मला भीती पावडरची नाही. पावडर घेतली की शिकायचं राहून गेलं तरी चालतं, असं वाटायला लागतं, त्याची आहे.

मी त्याला फोन केला. म्हणालो, दुधाचे आणि बदामाचे पैसे दर महिन्याला पाठवतो, डब्याचे नाही. आणि एक काम कर. तुमच्या वस्तादांना सांग, वर्षभर मला एकच डाव घोटून घ्या. खाशाबांची ढाक घे.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रुसला. मग म्हणाला, "मामू, ढाक येतीया मला. पण उजव्या अंगानंच. डावीकडनं वळाय गेलो की पडतोय."

"मग डावीकडनं कर," मी म्हणालो.